कोळ्याचं रेशीम, जीवाणूंची टाकी



ही व्याख्यानमाला एका विज्ञानशिक्षकाच्या स्मृत्यर्थ चालते. कुठलाही दावा कानावर आला की त्यामागचा आकडा विचारायचा, ही सवय त्यांनी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना लावली. म्हणूनच मी आज असा विषय निवडला आहे, ज्यात दावे उदंड झाले आणि आकडे विचारणारे थोडे निघाले. विषय आहे कोळ्याचं रेशीम कोळ्याशिवाय बनवण्याचा: कोळ्याचं जनुक जीवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून, साखरेवर वाढणाऱ्या टाकीतून रेशमाचं प्रथिन काढण्याचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जनुक हाती आलं की रेशीम हाती आलं, असं सुरुवातीला अनेकांना वाटलं. गेल्या तीन-साडेतीन दशकांच्या कामातून निघालेला निष्कर्ष वेगळा आहे. जनुकातून प्रथिन मिळतं. धागा मिळतो तो कताईतून. आणि कताई शिकायची तर कोळ्याच्या पोटातल्या ग्रंथीपुढे विद्यार्थी होऊन बसावं लागतं.

आधी हा धागा काय चीज आहे ते पाहू. कोळी एकाच प्रकारचा धागा काढत नाही. जाळं विणणाऱ्या अनेक जातींच्या माद्या सात प्रकारची रेशमं बनवतात. जाळ्याची चौकट वेगळ्या धाग्याची, भक्ष्य अडकवणारं वर्तुळ वेगळ्या, अंड्यांचा कोष वेगळ्या. आपण बोलणार आहोत ते चौकटीच्या आणि लोंबकळण्याच्या धाग्याबद्दल. युरोपात बागांमध्ये दिसणाऱ्या अरेनियस डायाडेमाटस या कोळ्याच्या अशा धाग्याची ताणसहनशक्ती साधारण 1.1 गिगापास्कल भरते. उच्च प्रतीच्या पोलादाची 1.5 भरते. म्हणजे जाडीला जाडी लावून पाहिलं तर पोलाद वरचढ आहे. पण रेशमाची घनता पोलादाच्या सुमारे एक षष्ठांश आहे, त्यामुळे वजनाला वजन लावलं की रेशीम चौपटीहून अधिक सरस ठरतं. ‘पोलादापेक्षा मजबूत’ हे विधान खरं आहे, मात्र ते वजनाच्या हिशेबात खरं आहे.

या धाग्याचा खरा मोठेपणा त्याच्या चिवटपणात आहे. तुटण्यापूर्वी एखादा पदार्थ किती ऊर्जा पचवतो, ते चिवटपणाचं माप. पोलाद घनमीटरमागे 6 मेगाज्यूल पचवतं, केव्हलार हा कृत्रिम धागा 50, आणि कोळ्याचा हा धागा 160. मादागास्करच्या नद्यांवर प्रचंड जाळी टाकणाऱ्या, 2010 साली शास्त्रीय वर्णन झालेल्या डार्विन्स बार्क स्पायडरचा धागा तर सरासरी 350 च्या आसपास पोचतो. कारण साधं आहे. केव्हलार जेमतेम 3 टक्के ताणला की तुटतो. कोळ्याचा धागा त्याच्या कितीतरी पट ताणला जातो आणि मग तुटतो. उडत येऊन आदळणारी माशी जाळ्याने परत उसळू नये, तिचा वेग धाग्यातच जिरावा, यासाठी तो घडला आहे. कोळ्याच्या रेशमाच्या बुलेटप्रूफ जाकिटाची कल्पना इथेच लंगडी पडते. एवढा ताणला जाणारा पदार्थ गोळी थांबवेल, पण थांबेपर्यंत गोळी शरीरात बरीच आत शिरलेली असेल.

असा धागा माणसाला हवासा वाटणं स्वाभाविक होतं. 1709 साली फ्रान्समध्ये मोंपेल्ये इथल्या बाँ द सेंत-इलेर यांनी कोळ्याच्या रेशमाचे मोजे आणि हातमोजे विणून दाखवले. विज्ञान अकादमीने हे प्रकरण तपासायला रेओमूर यांच्याकडे सोपवलं. त्यांचा निर्णय स्पष्ट होता: कोळी एकत्र ठेवले की एकमेकांना खातात, प्रत्येकाला स्वतंत्र घर आणि जिवंत भक्ष्य द्यावं लागतं, आणि एका कोळ्याकडून मिळणारं रेशीम अगदी थोडं असतं. रेशमाच्या किड्यासारखी कोळ्याची शेती होणार नाही. तो निर्णय आजही उभा आहे. अलीकडे सायमन पीर्स आणि निकोलस गॉडली यांनी मादागास्करमध्ये रानातले सोनेरी कोळी पकडून, छोट्या हातयंत्रावर त्यांचा धागा ओढून, ते पुन्हा रानात सोडून एक झळाळतं सोनेरी वस्त्र विणवून घेतलं. 2009 साली ते न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत मांडलं गेलं. त्या एका वस्त्रासाठी दहा लाखांहून अधिक कोळी लागले. कलाकृती म्हणून ते अजोड आहे. उद्योगाचा मार्ग म्हणून पाहिलं तर रेओमूर यांनी सांगितलेलंच त्याने पुन्हा सिद्ध केलं.

मग दुसरा मार्ग उरला: कोळ्याला बाजूला ठेवून त्याचं जनुक घ्यायचं.

1978 मध्ये माणसाचं इन्सुलिन ई. कोलाय या जीवाणूकडून बनवून घेण्यात यश आलं होतं आणि 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूरही झालं होतं. इन्सुलिनला जमलं ते रेशमाला का जमू नये? 1990 साली अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठात मिंग शू आणि रँडी लुइस यांनी सोनेरी कोळ्याच्या धाग्यातल्या एका प्रथिनाच्या जनुकाचा काही भाग वाचून प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रथिनाचं जनुक वाचलं गेलं. पुढे ड्यू पाँट कंपनीत स्टीफन फानेस्टॉक यांच्या गटाने कृत्रिमरीत्या जुळवलेली अशी जनुकं ई. कोलायमध्ये आणि पिकिया या यीस्टमध्ये घालून प्रथिन मिळवलं. ते काम 1997 मध्ये छापून आलं.

अडचण कुठे आली, हे समजायला प्रथिनाची रचना थोडी जवळून पाहावी लागेल. इन्सुलिन म्हणजे 51 अमिनो आम्लांचा छोटा रेणू. कोळ्याच्या धाग्याचं प्रथिन तीन हजारांहून अधिक अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी असते, आणि ती साखळी जवळजवळ सगळी पुनरावृत्तीची असते. सलग काही अ‍ॅलानिन, मग ग्लायसिनने भरलेला एक तुकडा, पुन्हा अ‍ॅलानिन, पुन्हा ग्लायसिनचा तुकडा, असं शंभरेक वेळा. अ‍ॅलानिनचे भाग शेजारच्या साखळ्यांतल्या तशाच भागांना घट्ट बिलगून अतिसूक्ष्म स्फटिक बनवतात, त्यातून ताकद येते. ग्लायसिनचे भाग सैल राहतात, त्यातून ताण येतो. स्फटिक आणि सैल भाग यांची ही आलटून-पालटून गुंफण म्हणजेच धाग्याचा चिवटपणा.

कोळ्याला लाभलेली ही रचना जीवाणूला मात्र झेपत नाही. पुनरावृत्ती असलेलं लांब जनुक जीवाणूच्या पेशीत टिकत नाही. तो त्यातले तुकडे गाळून जनुक आखूड करतो. प्रथिन जुळवताना ग्लायसिन आणून देणाऱ्या टी-आरएनए रेणूंचा साठा संपतो, कारण साध्या जीवाणूला इतकं ग्लायसिन एका वेळी कधीच लागत नाही. मग साखळी मधेच तुटते. तुटक्या, आखूड साखळ्यांपासून केलेला धागा कमजोर निघतो.

या टप्प्यावर जगाचं लक्ष शेळ्यांकडे गेलं. मॉन्ट्रियलच्या नेक्सिया कंपनीने कोळ्याचं जनुक शेळीत घालून दुधातून प्रथिन काढण्याची योजना आखली आणि त्या मालाला ‘बायोस्टील’ असं नाव दिलं. 2002 साली या कंपनीने अमेरिकी लष्कराच्या संशोधकांबरोबर सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेल्या प्रथिनापासून धागा काढल्याचा निबंध ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांत मथळे झळकले. पण बाजारात बायोस्टील कधी आलं नाही आणि पुढे कंपनी बंद पडली. मथळा आधी आला आणि माल आलाच नाही, हे या क्षेत्रात वारंवार घडलं आहे.

जीवाणूच्या बाबतीत मोठी झेप 2010 साली घेतली गेली, ती दक्षिण कोरियात. काइस्ट संस्थेतल्या सांग युप ली यांच्या गटाने जीवाणूवर फक्त जनुक लादलं नाही, तर ते काम पेलायला जीवाणूलाच तयार केलं. त्याच्यातला ग्लायसिनच्या टी-आरएनएचा साठा वाढवला, ग्लायसिन बनवण्याचे मार्ग सुधारले. तेव्हा प्रथमच नैसर्गिक प्रथिनाच्या आकाराचा, 284.9 किलोडाल्टन वजनाचा रेणू ई. कोलायमध्ये तयार झाला. त्याच्या धाग्याची ताणसहनशक्ती 508 मेगापास्कल भरली. कोळ्याच्या निम्म्याच्या आसपास, पण आधीच्या आखूड रेणूंच्या धाग्यांपेक्षा खूप पुढे. साखळी जितकी लांब तितका धागा सरस, हे त्यातून दिसलं. 2018 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फूझोंग झांग यांच्या गटाने हाच धडा आणखी पुढे नेला. त्यांनी जीवाणूत दोन वेगळे तुकडे बनवले. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला इन्टीन हा प्रथिनखंड होता. इन्टीनचं वैशिष्ट्य असं, की तो स्वतः कापून बाहेर पडतो आणि दोन्ही बाजू एकमेकींना जोडून देतो. अशा जोडणीतून 556 किलोडाल्टनचा, निसर्गातल्या प्रथिनापेक्षाही मोठा रेणू मिळाला. त्याचा धागा 1.03 गिगापास्कल ताण आणि 114 मेगाज्यूल चिवटपणा दाखवू लागला. हे आकडे कोळ्याच्या जवळ पोचतात.

मग प्रश्न सुटला का? नाही. हे बलवान धागे कसे काढले जातात ते पाहा. जीवाणूतून मिळालेलं प्रथिन शुद्ध करून वाळवतात. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉल नावाच्या दाहक, महागड्या द्रावकात विरघळवतात. मग ते सुईतून मिथेनॉलच्या कुंडात सोडतात. तिथे ते गोठून त्याचा धागा होतो आणि तो ओढून ताणतात. हा सगळा कारभार कोळी पाण्यात करतो, आपल्या शरीराच्या तापमानाला करतो, आणि क्षणार्धात करतो. उत्तम पीठ मळून झालं म्हणजे शेवया झाल्या असं होत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. रेशमाच्या संशोधकांनी बराच काळ सगळी मेहनत पिठावर घेतली आणि वळण्याकडे उशिरा पाहिलं.

कोळ्याच्या पोटात काय घडतं? ज्या ग्रंथीत हा धागा बनतो, तिची एक लांब शेपूट असते. तिथल्या पेशी प्रथिन स्रवतात. पुढे एक पिशवी असते, तिथे ते साठतं. प्रथिनाचं इतकं दाट द्रावण आपण काचनळीत ठेवलं असतं तर केव्हाच गोठून बसलं असतं. कोळ्याच्या पिशवीत ते दिवसेंदिवस वाहतं राहतं. पिशवीच्या पुढे इंग्रजी ‘एस’च्या आकाराची, निमुळती होत जाणारी नळी आहे. शेपटीपासून नळीपर्यंत द्रावणाचा पीएच उतरत जातो: शेपटीजवळ साधारण 7.6, आणि नळीच्या मध्यापर्यंत 5.7 वर येतो. ही आम्लता कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेझ हे विकर निर्माण करतं. त्याच वेळी सोडियम आणि क्लोराइड कमी होतात, पोटॅशियम आणि फॉस्फेट वाढतात. नळी अरुंद होत असल्यामुळे रेणू एका दिशेला खेचले जातात.

या बदलांचा संबंध प्रथिनाच्या दोन टोकांशी आहे. मधला पुनरावृत्तीचा भाग सगळ्यांच्या नजरेत भरला होता. टोकं मात्र दुर्लक्षित राहिली होती. प्रथिनाच्या सुरुवातीचं टोक तटस्थ पीएचला एकेकटं असतं. आम्लता वाढली की ते दुसऱ्या रेणूच्या तशाच टोकाशी जोडी जमवतं आणि साखळ्या एकमेकींत अडकतात. शेवटचं टोक आम्लात उलगडतं आणि स्फटिकांना सुरुवात करून देतं. एक टोक कुलूप लावतं, दुसरं चाप ओढतं. ही यंत्रणा स्वीडनमध्ये अ‍ॅना रायझिंग, यान योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली.

आणि मग त्यांनी ती वापरली. एका आफ्रिकी कोळ्याच्या प्रथिनाचं सुरुवातीचं टोक, दुसऱ्या आशियाई कोळ्याचं शेवटचं टोक, आणि मध्ये पुनरावृत्तीचे फक्त दोन तुकडे असा एक छोटा रेणू त्यांनी रचला. ई. कोलायमध्ये तो भरपूर बनतो, आणि मुख्य म्हणजे पाण्यात विरघळतो: मिलिलिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत, अगदी कोळ्याच्या पिशवीइतका दाट. 2017 मध्ये त्यांनी हे द्रावण काचेच्या बारीक टोकातून आम्लधर्मी पाण्यात सोडलं. धागा झाला. ना तीव्र द्रावक, ना मिथेनॉल. नंतरच्या कामात या प्रथिनाचं उत्पादन बायोरिअ‍ॅक्टरमध्ये लिटरमागे 14.5 ग्रॅमपर्यंत गेलं.

मात्र रेणू छोटा असल्यामुळे या धाग्याची ताकद कोळ्याच्या धाग्याहून खूप कमी राहिली. म्हणजे आज आपल्यापाशी दोन अर्धी यशं आहेत. एकीकडे लांब रेणूचा बलवान धागा, पण तो काढायला घातक द्रावक लागतो. दुसरीकडे स्वच्छ पाण्यात होणारी सुरेख कताई, पण धागा कमजोर. ही दोन टोकं जुळवणं हाच या क्षेत्रापुढचा खरा प्रश्न आहे असं मी मानतो. तो कुणी सोडवला, तर तो दिवस पॉलिमरशास्त्राच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखा असेल.

बाजारानेही हाच धडा वेगळ्या मार्गाने घेतला. जपानमधल्या त्सुरुओका इथल्या स्पायबर कंपनीने 2015 मध्ये नॉर्थ फेसच्या ‘मून पार्का’ या जाकिटाचा नमुना दाखवला. पण कोळ्याचा धागा ओला झाला की आक्रसतो. काही जातींचा तर जवळपास निम्म्यावर येतो. दवाने सैलावलेलं जाळं त्यामुळे पुन्हा ताठ होत असावं. पावसात घालायचं जाकीट मात्र असं आक्रसून चालत नाही. कंपनीने घाईने माल काढला नाही. प्रथिनाची अमिनो आम्लांची मांडणी बदलली, आणि 2019 मध्ये मोजकी 50 जाकिटं विकायला काढली. ते आता हुबेहूब कोळ्याचं रेशीम उरलं नव्हतं. कोळ्यापासून शिकून माणसाने नव्याने रचलेलं प्रथिन होतं. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट, हीच परिपक्वता आहे.

कॅलिफोर्नियाच्या बोल्ट थ्रेड्सने यीस्टपासून केलेल्या धाग्याचे नेकटाय 2017 मध्ये विकले, तेही अगदी थोडे. पुढे तिचं रेशीम-प्रथिन धाग्यापेक्षा सौंदर्यप्रसाधनांत अधिक गेलं. म्युनिकच्या एएमसिल्कनेही प्रसाधनांसाठी प्रथिन बनवलं आणि तो व्यवसाय 2019 मध्ये जिवोदाँ या कंपनीला विकला. धाग्याची वाट अवघड आहे, प्रथिनाची लेप म्हणून वाट सोपी आहे, हे यातून दिसतं.

वैद्यकातली वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथे किलोने माल लागत नाही, ग्रॅमने लागतो, आणि त्या ग्रॅमचं मोल मोठं असतं. जर्मनीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये मेंढीच्या पायातल्या तुटलेल्या मज्जातंतूतलं 6 सेंटिमीटरचं अंतर कोळ्याच्या नैसर्गिक धाग्यांच्या आधाराने भरून काढलं. मज्जातंतूचे तंतू त्या धाग्यांवरून पुढे वाढले. शरीराने धाग्याला फारसा विरोध केला नाही. तिथे वापरलेले धागे जिवंत कोळ्यांकडूनच ओढून घेतले होते. प्रत्येक रुग्णासाठी कोळी पाळणं शक्य नाही. जीवाणूतून येणाऱ्या प्रथिनाची खरी गरज इथे आहे.

पर्यावरणाचा मुद्दाही हिशेबानेच घ्यायला हवा. पेट्रोलियमपासून बनणाऱ्या नायलॉन-पॉलिएस्टरऐवजी जीवाणूंच्या टाकीतला, मातीत कुजणारा धागा मिळाला तर ते मोठं पाऊल ठरेल. पण जीवाणू हवेवर जगत नाहीत, ते साखरेवर जगतात. साखर शेतात पिकते आणि तिला पाणी लागतं. स्पायबरने आपला मोठा कारखाना थायलंडमध्ये उभारला, जिथे ऊस आणि साखर मुबलक आहे. महाराष्ट्रात ऊस, मळी आणि किण्वनाच्या टाक्या आपल्याला नवीन नाहीत. ऊस किती पाणी पितो हेही आपल्याला चांगलं ठाऊक आहे. म्हणून ‘हरित’ हा शब्द कुणी वापरला की एक किलो प्रथिनामागे किती साखर, किती पाणी, किती वीज, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा जरा अधिकच आहे. जपानच्या रिकेन संस्थेत केइजी नुमाता यांच्या गटाने 2020 मध्ये समुद्रातल्या प्रकाशसंश्लेषक जीवाणूकडून हे प्रथिन बनवून घेतल्याचं दाखवलं, ते याच काळजीपोटी. ते काम प्राथमिक आहे, पण दिशा योग्य आहे.

शेवटी तरुण श्रोत्यांसाठी दोन गोष्टी.

पहिली: पुढच्या वेळी ‘कोळ्याच्या रेशमाचा चमत्कार’ अशी बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. रेणू किती लांब आहे? धागा कशात विरघळवून काढला? ओला झाल्यावर त्याचं काय होतं? आणि किलोला खर्च किती? चारही उत्तरं असतील तर ती बातमी. नसतील तर ती जाहिरात.

दुसरी: जगात कोळ्यांच्या 50,000 हून अधिक जाती शास्त्राने नोंदवल्या आहेत. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जपानी प्रकल्पात सुमारे 1,100 जातींची रेशीम-जनुकं वाचली गेली आणि त्यांच्या धाग्याच्या गुणांशी ताडून पाहिली गेली. उरलेल्या बहुतेकांची वही कुणी उघडलेलीच नाही. सोनेरी झाक असलेलं भलंमोठं जाळं टाकणारा नेफिला पिलिपेस हा कोळी पावसाळ्यानंतर आपल्या सह्याद्रीच्या जंगलांत झाडांमध्ये बसलेला असतो. 1990 मध्ये ज्याच्या जनुकाने ही सगळी कहाणी सुरू झाली, त्या अमेरिकी कोळ्याचा तो नातेवाईक आहे. त्याच्याकडे भीतीने किंवा झाडूने पाहू नका. त्याची नोंद करा, त्याच्या रानाचं रक्षण करा, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, वस्त्रतंत्र यांपैकी जे शिकत असाल त्यातून त्याच्या कताईचा अभ्यास हाती घ्या. टाक्या विकत आणता येतात. ग्रंथी समजून घेणारी माणसं आपल्यालाच घडवावी लागतील.